काकांचं लॉगिन

विश्वास ठेवायचा तर ठेवा. माझी सख्खी मोठी बहीण उगाच काहीबाही बोलणारी नाही. गेल्या महिन्यातला रविवार. भर दुपारचे अडीच. तिसऱ्या मजल्यावरचं ऑफिस, आणि आत ताई एकटी.

ताई इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनचा सर्व्हर सांभाळते. नवा नंबर जोडायचा तर काळ्या पडद्यावर एक कमांड द्यायची. त्या दिवशी कमांड चालेना. डेटाबेस कोणता, तेच कळत नाही म्हणे.

ताईने कीबोर्डवरून हात काढून घेतला.

कारण अगदी हाच बिघाड पूर्वी झाला होता. एका दवाखान्याचे नवे नंबर अर्धा दिवस जोडता आले नव्हते. ठपका आला काकांवर. काका म्हणजे तिथले सगळ्यात जुने टेक्निशियन. ताईला काम त्यांनीच शिकवलं.

खरं तर सेटिंगच्या फाइलला हात लावला होता ऑफिसच्या साहेबांनी. ताईने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. मीटिंगमध्ये काकांनी तिच्याकडे बघितलं, तेव्हा ती म्हणाली, "मला काही माहीत नाही."

काकांना काढलं. दोन महिन्यांत ते वारले.

ताईने फाइल उघडली. डेटाबेसच्या ओळीपुढे # होता. तो असला की ती ओळ वाचलीच जात नाही. तिने तो खोडला, सेव्ह केलं, कमांड दिली.

तीच एरर.

पुन्हा फाइल उघडली…

# परत आला होता.

तीनदा खोडला. तीनदा आला.

एसीचा आवाज थांबला होता. कधी, ते तिला कळलंच नाही. फाइल शेवटची कोणी बदलली, ते तिने पाहिलं…

काकांचं लॉगिन. वेळ दोन सत्तेचाळीस.

भिंतीवरच्या घड्याळातही दोन सत्तेचाळीसच.

ते लॉगिन तिने स्वतःच्या हाताने डिलीट केलं होतं.

तिने साहेबांना फोन लावला. ते जेवत होते. "अगं, रीस्टार्ट कर आणि जा घरी," म्हणाले.

फोन ठेवला, आणि मागे खुर्ची करकरली…

मागे खुर्ची नव्हतीच. काकांचं टेबल केव्हाच हलवलं होतं.

ताई वळली नाही. पडद्याकडे बघतच म्हणाली, "काका, मला माहीत होतं. साहेबांनी केलं होतं. मी घाबरले."



मग अगदी कानाजवळ… "बरं."

एवढंच.

तिने कमांड दिली. चालली. सगळे नंबर जोडले गेले. सोमवारी साहेबांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली.

"शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं गं," ताई मला म्हणाली. "नुसतं 'बरं' म्हणाले."

"मग आता तरी सांगून टाक ना. काकूंना अजून वाटतं, चूक काकांचीच होती."

ती उठून चहाचे कप विसळू लागली. मी हे लिहू का, विचारलं.

"लिही," म्हणाली. "फक्त साहेबांचं नाव घालू नकोस."

नाही घातलं मी.

आणि आता मलाही मागे वळून बघवत नाही.