तीन खाचा

पेट्रोलवर पेटणारा गाडीतला हीटर ही काही अवघड वस्तू नाही. एक डबा, एक पंखा, एक तापणारा प्लग. बटण ओढायचं, चाळीस सेकंदांत प्लग लाल होतो, पेट्रोल ठिबकायला लागतं, डब्यात भप्प होतं आणि पायाशी गरम वारा सुटतो. साम्बिरच्या रेल्वेत मी चौतीस वर्षं सिग्नल दुरुस्त केले. याच्यापेक्षा किचकट यंत्रं मी डोळे मिटून उघडली आहेत. हे मुद्दाम सांगतोय, कारण त्या डिसेंबरात या डब्यानं माझ्या नाकी नऊ आणले.

गाडी ओमेल्यान मामाची. गोल पाठीची, बुटकी, इंजिन मागे. मामा तिला कासव म्हणायचा. इंजिन वाऱ्यावर थंड होणारं, त्यामुळे त्याची ऊब आत येण्याचा प्रश्नच नाही. म्हणून पुढच्या डिकीत हा वेगळा हीटर, आणि त्याचा डबा गंजून जाळी झालेला. फेब्रुवारीत मामा गेला तेव्हापासून कासव गॅरेजमध्ये उभं होतं. ते तसंच उभं राहिलं असतं तर बरं झालं असतं.

पण स्तेफानिया मामीनं हट्ट धरला. नाताळच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे आमच्या जुन्या पंचांगाप्रमाणे सहा जानेवारीला, तिला माहेरी जायचं होतं, वर डोंगरात, यासेनिवकाला. तिची बहीण पारास्का तिथं एकटी राहते. दोघींची अकरा वर्षं भेट नाही. मामी चौऱ्याऐंशीची, पाय सुजलेले, हृदय नुसतं नावाला चाललेलं.

"यंदा नाही तर मग नाहीच, झेनोन," ती म्हणाली.

"मी शेजारच्या लेव्कोची गाडी मागून आणतो. नवी आहे, गरम आहे."

"तुझ्या मामांनी कासवातून नेतो म्हणून सांगितलं होतं."

"मामा गेला, मामी."

"मला सांगतोस होय? मीच तर पुरलं त्यांना."

आता हिला काय बोलणार? बाहेर उणे अठरा. सत्तर किलोमीटर बिनहीटरच्या पत्र्याच्या डब्यातून नेलं तर ती माहेरी पोचायच्या आधीच संपली असती. म्हणजे हीटर चालायलाच हवा होता.

ल्विवच्या रविवारच्या बाजारातून मी जुनाच, पण धड हीटर आणला. नवा प्लग घातला, वायरी बदलल्या, पेट्रोलची नळी बदलली. धुराची नळी गाडीखालून बाहेर काढली आणि प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून पाहिलं, कारण हा धूर माणसाला गुपचूप मारतो. मामा ताडमाड, मी बुटका. म्हणून ड्रायव्हरची सीट तीन खाचा पुढे घेतली. रुळांना ग्रीस लावल्यावर ती एका बोटानं सरकायला लागली. बटण ओढलं. भप्प. गॅरेजचं दार सताड उघडं ठेवून मी वीस मिनिटं बाहेर उभा राहिलो. काय सुंदर ऊब! स्वतःवरच खूश होऊन मी आत बसलो.

हीटर विझला.

उतरलो, पुन्हा पेटवला. चालला. बसलो, विझला. असं नऊ वेळा झालं. साहजिकच मी सीटखाली दबणारी वायर शोधली. तिथं वायरच नव्हती. अर्थिंग तपासलं, ठीक. प्लगला वीज येत होती, पेट्रोल येत होतं, पंखा फिरत होता. सगळं येत होतं, ज्योत तेवढी जात होती.

शेजारच्या गॅरेजातला लेव्को लोणच्याची बरणी काढायला आला होता. आमच्याकडे गॅरेजखाली तळघर असतं, त्यात बटाटे आणि बरण्या. "तुझं वजन वाढलंय, दुसरं काय?" तो म्हणाला.

"मग तू बस."

तो बसला. विझला. लेव्को उठला तो पॅन्ट झटकतच. मग मी तळघरातून बटाट्याचं पन्नास किलोचं पोतं ओढत आणलं आणि सीटवर बसवलं. हीटर आनंदानं घरघरत राहिला, पाऊण तास! बाजूच्या सीटवर मी बसलो, तरी चालू. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ड्रायव्हरची सीटच उपटून बाहेर फेकली, तिच्या जागी बादली उपडी घातली आणि त्यावर बसलो.

विझला.

"बटाट्याला चालतं, मला चालत नाही! मेल्या, मी काय घोडं मारलंय तुझं?" मी त्या डब्यावर ओरडलो. लेव्को बरणी तिथंच विसरून केव्हाच घरी गेला होता.

मामीला सांगितलं तर ती बीट सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "बसण्याआधी फुंकलंस का?"

हे आमच्याकडचं आहे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी घरातली गेलेली माणसं जेवायला येतात म्हणे; त्यांच्या अंगावर बसू नये म्हणून बाकावर फुंकर घालून मग टेकायचं. मीही फुंकतो, वर्षातून एकदा, आईनं लावलेली सवय म्हणून.

"मामी, ते बाकाला. गाडीच्या सीटला कोण फुंकतं? आणि नाताळाला अजून आठवडा आहे."

"मामा तुझे वेळेआधीच तयार होऊन बसायचे," ती म्हणाली, "नेहमीच."

मी दार आपटून निघालो. सीट परत तीन खाचा पुढे बसवली आणि आणखी चार दिवस झगडलो. दुसरा प्लग, दुसरा पंखा, दुसरी बॅटरी. सहा जानेवारीला दुपारी मामी शाल, कोट आणि वर घोंगडी गुंडाळून मागच्या सीटवर चढून बसली, मांडीवर कुत्याचं भांडं घेऊन. कुत्या म्हणजे गहू, मध आणि खसखस, त्या जेवणाचा पहिला घास. हीटर चालू होता. मी दाराशी उभा. आत बसलो की विझणार आणि म्हातारी गारठणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी इकडे तिकडे पाहिलं. गल्लीत कोणी नव्हतं. खाली वाकलो आणि सीटवर फुंकर घातली. लाज वाटली, खोटं कशाला सांगू?

बसलो. हीटर चालूच राहिला.

"बघ," मामी मागून म्हणाली. "सरकले."

बाजूच्या सीटकडे मी पाहिलं नाही. मी रस्त्याकडे पाहत होतो, बर्फ होतं. तुर्का गावाच्या पुढे एका वळणावर गियर टाकायला मला उशीर झाला, गाडी थोडी घसरली. मामी हसली.

"मला हसतेस?"

"तुला नाही रे. यांचा पाय बघ ना, आपसूक ब्रेकवर जातोय."

अंधार पडण्याआधी पोचलो. दोघी बहिणी फाटकापाशी एकमेकींना धरून इतका वेळ उभ्या राहिल्या की माझेही डोळे भरून आले. सगळा वैताग तिथंच फिटला. मी हीटर बंद केला, फ्यूज काढून खिशात टाकला. ही रेल्वेची सवय: जे राखायला कोणी नाही, त्याचा फ्यूज आपल्यापाशी. किल्लीही खिशात.

पहिली चांदणी दिसल्यावर आम्ही बाकावर फुंकून बसलो. पारास्कानं रीतीप्रमाणे मामासाठी एक ताटली आणि चमचा जास्तीचा मांडला होता. मामी जेवेना. त्या ताटलीकडे बघत राहिली.

"आले नाहीत," ती म्हणाली. "गाडीतच बसलेत. झेनोन, दारात जाऊन नावानं हाक मार. बोलावल्याशिवाय परक्या घरी कधी आले नाहीत ते."

"मामी, पुरे झालं आता! आठवडाभर डोक्याला ताप झालाय. जेव मुकाट्यानं."

पारास्कानं माझ्याकडे असं पाहिलं की मी चमचा खाली ठेवला. पण उठलो नाही. एक हाक मारायची होती, नुसती दारातून. नाही मारली.

सकाळी पारास्काच्या ओरडण्यानं जाग आली. मामीचं अंथरूण रिकामं होतं. बाहेर उणे बावीस. पायरीपासून कासवापर्यंत तिच्या कापडी चपलांचे ठसे गेले होते. परत आलेले नव्हते.

मी धावलो. मनात एकच होतं, संपली.

गाडीच्या काचांवर बर्फ नव्हतं. धुराच्या नळीखालचं बर्फ परातभर गोलात वितळून जुनं पिवळं गवत उघडं पडलं होतं. मी खिसा चाचपला. फ्यूज खिशात होता.

मागचं दार उघडलं. चुलीजवळ बसल्यासारखी ऊब अंगावर आली.

मामी नुसत्या शालीत बसली होती. गाल लालबुंद. मांडीवर कुत्याचं भांडं, रिकामं. त्यात दोन चमचे.

"दार लाव रे, गारवा येतोय," ती म्हणाली.

मी मटकन खाली बर्फातच बसलो. जिवंत होती! रात्रभर उणे बावीसमध्ये राहून जिवंत होती. तिचे हात हातात घेतले. माझ्यापेक्षा गरम होते.

"अगं, मेली असतीस ना!" मी ओरडलो. "हीटर कोणी लावला?"

"तू काही त्यांना जेवायला बोलावलं नाहीस. मग मीच नेलं." तिनं शाल सारखी केली. "हीटर चांगला बसवलायस म्हणाले. पण वळणं घेता येत नाहीत तुला. परतताना तू मागे बस."

"मामी..."

"मला नको सांगूस. त्यांना सांग."

मी उठलो. पुढे जाऊन ड्रायव्हरचं दार उघडलं. सीट तीन खाचा मागे होती.

दार रात्रभर बंद होतं. पुढच्या दाराशी कोणाचाही ठसा नव्हता. मी खटका दाबला आणि सीट पुढे ओढली. खटका सुटल्याचं हाताला कळलं. ग्रीस लावलेली सीट, एका बोटानं सरकणारी. दोन्ही हातांनी ओढली, गुडघा टेकून ओढली.

ती हलली नाही. वर कोणी भारदस्त माणूस बसलेला असला की हलत नाही, तशी.