सकाळचे गुडघे

जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत मिरजेच्या गुडघा-केंद्रात बेचाळीस गुडघ्यांची गादी सकाळी फाटलेली आणि त्याच दिवशी दुपारी धड निघाली. याच्या उलट एकदाही घडले नाही.

समीक्षा खोतचा गुडघा त्रेचाळिसावा होता. ती एकोणीस वर्षांची कबड्डीपटू. चढाईत पाय पिळवटला आणि तेव्हापासून जिना उतरताना गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ येत होती. राज्य संघाचे निवड-शिबिर महिन्यावर आले होते. तपासणीच्या पलंगावर पडून ती छताकडे पाहत होती आणि डॉ. हेमंत जोगळेकर तिच्या गुडघ्यावर श्रुतिपट्टा चढवत होते.

श्रुतिपट्टा म्हणजे विणलेला मऊ बाही-पट्टा. त्याच्या धाग्यांत चोवीस सूक्ष्म ध्वनिग्राहक गुंफलेले असतात. मांडीचे आणि नडगीचे हाड जिथे टेकते तिथे कूर्चेच्या दोन चंद्रकोरी असतात. त्यांनाच लोक गादी म्हणतात. ही गादी फाटली असेल, तर गुडघा पूर्ण दुमडून, पाऊल फिरवून पाय हळूहळू सरळ करताना फाटका तुकडा हाडांत सापडतो आणि सुटतो. त्या सुटण्याचा आवाज पट्टा टिपतो. एकतीस वर्षे जोगळेकर हेच काम सांध्याच्या फटीवर उजवा अंगठा दाबून करत आले होते. पट्ट्यासाठीही पाय कोणाला तरी धरावाच लागे. सकाळी ते धरत, दुपारी डॉ. तन्वी मगदूम. दोघांनी एकमेकांचा निष्कर्ष आधी पाहायचा नाही, असा नियम होता.

त्यांनी समीक्षाचा पाय फिरवला. अंगठ्याखाली टक् झाले. पडद्यावर आकडा उमटला : फाटलेली, एक्क्याण्णव टक्के.

दुपारी तन्वीने तोच पाय धरला. धड, सत्त्याण्णव टक्के.

"सर, सकाळी फाटतंय आणि दुपारी शिवून होतंय," समीक्षा म्हणाली, "तर मी दुपारचीच खेळते की."

तन्वी हसली. जोगळेकर हसले नाहीत.

पूर्वी लोक सांगली-कोल्हापूरहून 'जोगळेकरांचा हात' शोधत येत. आता स्वागतकक्षात विचारणा होई ती 'मगदूम मॅडमच्या पट्ट्या'ची. पट्टा तन्वीने बनवला होता आणि तन्वीला त्यांनी बनवले होते. पण हे दुसरे वाक्य कोणी उच्चारत नसे. परिषदेचे निमंत्रण तिला येई, त्यांना त्याची प्रत. ती व्याख्यानात न चुकता त्यांचे आभार मानी, आणि ते आभार त्यांना जास्त झोंबत. तिच्या दाराबाहेरच्या भरलेल्या खुर्च्या ते येता-जाता मोजत. एरवी ज्या गोष्टीला पुरावा नाही तिच्यावर विश्वास न ठेवणाऱ्या या माणसाने त्या खुर्च्यांची सरासरी मनात काढून ठेवली होती.

म्हणून हे बेचाळीस गुडघे त्यांना मनातून आवडले होते. त्यांच्या हातात पट्टा फाट पकडतो, तिच्या हातात चुकवतो. अर्थ उघड होता : यंत्र कितीही चांगले असो, हात लागतो.

"शुक्रवारी दुर्बिणीतून आत जाऊ आणि फाटका भाग काढून टाकू," ते म्हणाले.

"एमआरआयच्या चित्रात गादी धड आहे, सर. बाजूच्या अस्थिबंधाला सूज आहे, तेवढीच."

"चित्र दहात एक फाट चुकवतं. हे मीच तुला शिकवलंय."

"हो. पण गादी छाटली तर तिचं शिबिर जाईल. आणि छाटलेली गादी परत येत नाही."

"तुझा हात हलका पडतो, तन्वी. दाबायला भितेस तू."

हे ते समीक्षासमोर बोलले. तन्वीने पट्ट्याची घडी घातली. "मग ताडून पाहू, सर. कसं ते तुम्हीच ठरवा."

जोगळेकर हेवेखोर झाले होते, पण अप्रामाणिक नव्हते. चाचणीला तुलनेचा आधार हवा, हे त्यांना पुरते ठाऊक होते. त्यांनी कपाटातून विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्लॅस्टिकचा पाय काढला आणि त्यावर पट्टा चढवला. त्यातली गादी सिलिकॉनची, कारखान्यातून धड आलेली. यावर दोघांचा आकडा 'धड' येईल; मग तोच जोर समीक्षाच्या पायावर लावायचा, म्हणजे चूक कोणाच्या हातात आहे ते दिसेल.

तन्वीने आधी धरला. धड, नव्व्याण्णव टक्के.

मग त्यांनी धरला. जोर दाखवायचाच होता, म्हणून संशय असलेल्या गुडघ्यावर लावत तितकाच लावला. अंगठ्याखाली टक् झाले.

फाटलेली, त्र्याण्णव टक्के.

समीक्षा कोपरावर उठून पाहू लागली. "याचं पण ऑपरेशन शुक्रवारीच का, सर?"

जोगळेकरांनी पुन्हा धरला. पुन्हा टक्. मग त्यांनी प्लॅस्टिकच्या पायावरचा पट्टा काढला, स्वतःच्या उजव्या मनगटावर चढवला आणि अंगठा टेबलाच्या कडेवर दाबून फिरवला. पडद्यावर त्यांच्याच मनगटाची गादी फाटली. मनगटात अशी चंद्रकोर नसते.

तन्वी काहीतरी बोलेल म्हणून ते थांबले. तिने 'मी म्हणत होते' म्हटले असते तर त्यांना सोपे गेले असते. तिच्या त्या न बोलण्याचाही त्यांना हेवा वाटला.

"कधीपासून दुखतोय अंगठा?" तिने विचारले.

"दुखत नाही."

"सर."

"चार वर्षं. बरणीचं झाकण उघडताना."

तिने त्यांचा हात आपल्या हातात घेतला, अंगठ्याच्या मुळाशी बोट ठेवले, दाब दिला आणि सावकाश फिरवला. कूर्चा झिजून हाडावर हाड घासत होते. तिला ते पट्ट्याशिवाय कळले, हे त्यांना तिच्या चेहऱ्यावर दिसले. तिचा हात चांगला होता, हलका मुळीच नव्हता. नेमके किती दाबायचे ते तिला त्यांनीच शिकवले होते.

त्यांनी हात काढून घेतला नाही. त्यांच्या डोक्यात वेगळीच मोजदाद सुरू झाली होती. चार वर्षांत किती गुडघ्यांत ते या बोटाच्या भरवशावर शिरले? आत गेल्यावर कुठेतरी झिजलेली कड सापडतेच. ती छाटायची आणि निदान बरोबर निघाले असे लिहायचे.

"म्हणजे माझं शुक्रवारचं?" समीक्षाने विचारले.

"रद्द. तीन आठवडे विश्रांती, मग व्यायाम. शिबिराला जाशील." मनगटावरचा पट्टा काढत ते म्हणाले, "मगदूम मॅडमना दाखवत राहा."

ती लंगडत बाहेर गेल्यावर त्यांनी तिची नोंद उघडली. उजवा अंगठा वापरायचा नाही म्हणून डाव्या हाताने, एकेक अक्षर शोधत टंकले :

'सकाळ-दुपारच्या फरकाचे कारण सापडले. आवाज गुडघ्यातून येत नव्हता. तो तपासणाऱ्याच्या उजव्या अंगठ्याच्या झिजलेल्या मूळ सांध्यातून येत होता. फाटीचा संशय असला की तपासणारा अधिक दाबत असे, आणि दाबले की सांधा वाजत असे. पट्ट्याने आवाज बरोबर टिपला. गेल्या चार वर्षांत या बोटावरून शस्त्रक्रिया ठरवलेल्या सर्व रुग्णांना परत बोलवावे. तपासणारा : हे. जोगळेकर.'