पाण्याच्या बाजूची टकटक

पटत नसेल तर वाचू नका. पण हे घडलंय, आणि माझ्याच बाबतीत घडलंय. मागच्या बुधवारी, भर दुपारी सव्वादोनला, मासळीच्या धक्क्यावर बांधलेल्या बाबांच्या बोटीत.

मी बोटींची इंजिनं दुरुस्त करते. बाबांकडून शिकले.

आमच्या घरातली एक रीत आहे. इंजिन असतं बोटीच्या पोटात. त्याला गार ठेवणारं समुद्राचं पाणी धुरासोबत मागच्या पाइपातून बाहेर पडतं. आतल्या माणसाला ते दिसत नाही. म्हणून एकजण बाहेर उभा राहतो आणि बोटीवर टकटक करतो.

दोनदा म्हणजे पाणी येतंय, वेग वाढव.

एकदा म्हणजे बंद कर.

वर्षापूर्वी बाबा आत होते, काका बाहेर. इंजिन तापलं, धूर आत कोंडला. बाबा दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत. जाण्याआधी एवढंच म्हणाले, "दोनदा वाजलं... म्हणून वाढवला."

काका गळ्याची शपथ घेऊन सांगत राहिले, "मी वाजवलंच नाही!" कोणी ऐकलं नाही. मीही नाही. सख्ख्या काकांशी वर्षभर बोलले नाही.

तेव्हापासून बोट तशीच पडून होती. सगळे म्हणत होते, भंगारात काढ. मला ती चालवून दाखवायची होती. कोणाचे उपकार नकोत म्हणून एकटीच उतरले. पाणी खेचणारा पंप नवा बसवला, त्याची जाळी साफ केली, इंजिन चालू केलं. वर जाऊन पाइप बघणारच होते...

टक टक.

हात सवयीने वेगाच्या दांड्यावर गेला. वाढवलासुद्धा.

मग लक्षात आलं. बाहेर तर कोणीच नव्हतं...

"कोण आहे?"

टक टक.

डोळे चुरचुरायला लागले. तापमानाचा काटा लाल पट्टीत. आणि आवाज धक्क्याच्या बाजूने नव्हता...

पाण्याच्या बाजूने होता.

मी इंजिन बंद केलं. सगळं शांत.

टक टक.

बंद इंजिनातून म्हणे पाणी येतंय! माझं टाळकंच सरकलं. भीती वाटली, खोटं कशाला बोलू, पण राग जास्त आला. पाना उचलला आणि आतून बोटीवर एकदाच हाणला.

"बंद म्हणजे बंद! बाबांना खाल्लंस, मला नाही खाणार!"

पुन्हा आवाज आला नाही.

वर आले. धक्का रिकामा. पलीकडे तीन पुरुष उंचीइतकं खोल पाणी, उभं राहायला जागाच नाही. मागच्या पाइपाचं तोंड ठणठणीत कोरडं. पाइप उघडला, तर वाकणात मीठ आणि काजळीचा दगड झालेला. त्यातून थेंब येणं शक्य नव्हतं.

तशीच काळ्या हातांनी काकांच्या दारात गेले.

"काका, तुम्ही वाजवलं नव्हतं. मी चुकले."

काका उंबऱ्यातच खाली बसले. मग म्हणाले, "पोरी, सगळे इतकं म्हणत होते... की मलाच वाटायला लागलं होतं, वाजवलं असेन मी."

कोण होतं, मला माहीत नाही. अजून झोप नीट लागत नाही. पण सोमवारी मी बोट बाहेर काढतेय. काका माझ्यासोबत येणार आहेत. ज्याला त्यांना बोल लावायचा असेल, त्याने आधी माझ्यासमोर यावं.