बरणीतली तार

मूल गावचे धनराजभाऊ आयुष्यभर वायरलेस सेट उघडत आले आणि भुताखेतांच्या गप्पा करणाऱ्यांना तोंडावर हसत आले. आलापल्लीला पवनच्या घरी ते आले तेही निव्वळ दुरुस्तीला. पवन त्यांचाच चेला. हौशी रेडिओचा परवाना त्यानं भाऊंच्या नादानं काढला होता. पुरानं मोबाइलचे टॉवर बंद पडले, तसा तो लहान सेट घेऊन भामरागडकडे मदतीच्या नावेवर गेला. कालपासून त्याचा पत्ता नव्हता. घरच्या मोठ्या सेटवर त्याची हाक ऐकू आली असती, तर नेमकी त्यालाच ओल लागलेली.

ओलीनं फ्रिक्वेन्सी सरकली होती. कोणीही बोललं तरी आवाज बारीक, चिरका. पवनची बायको ज्योत्स्ना कालपासून त्या चिरचिरीत नवऱ्याला शोधत होती. पोटात अन्नाचा कण नाही.

भाऊंनी झाकण उघडलं, प्लास्टिकचा स्क्रूड्रायव्हर घेतला; लोखंडाचा नुसता जवळ नेला तरी फ्रिक्वेन्सी हलते. बाहेर ढग गडगडत होते, पण भाऊंचं सगळं ध्यान सेटमध्ये. खरी रीत म्हणजे एखाद्या पक्क्या स्टेशनशी सेट जुळवायचा. तेवढ्यात स्पीकरमधून कोणीतरी ज्योत्स्नाला हाक मारली.

आवाज बारीक, पण लकब पवनचीच. भाऊंचा जीव भांड्यात पडला. घाईत त्यांनी रीत गुंडाळून ठेवली. पवनचा घोगरा आवाज त्यांना पाठ होता. तोच खरा धरून ते फ्रिक्वेन्सीचा स्क्रू फिरवत गेले. आवाज खाली उतरला, भरला, आणि पवन शेजारी बसून बोलावा तसा बोलला.

"ज्योत्स्ना, मी ठीक आहो. पानी उतरलं का येतो."

ती रडली, मग हसली, मग चहा टाकायला उठली. भाऊंनी ही बातमी द्यायला चंद्रपूरच्या हौशी रेडिओवाल्या प्रफुलला हाक मारली. उत्तर नाही. बाकी कोणाचाच आवाज नाही. अँटेनाची तार सैल झाली असेल, असं ते पुटपुटले.

"तार तं मी मघाच काढली, भाऊ, यांचा आवाज यायच्या आधी," ज्योत्स्ना आतूनच म्हणाली. "ढग गरजून राह्यले होते ना."

पवननंच तिला शिकवलं होतं, गरजलं की तार काढायची आणि काचेच्या बरणीत ठेवायची. बरणी खिडकीत होती. तारेचं टोक तिच्यात होतं.

तारेशिवाय बाहेरचा कोणताच आवाज सेटमध्ये येत नाही, हे भाऊंना पक्कं ठाऊक होतं. तिला काही न सांगता त्यांनी तार परत जोडली. लगेच प्रफुल आला, पहिल्याहून चिरका; सेट जुळला होता तो तार नसतानाच्या त्या आवाजाला, आणि खरे आवाज आणखी लांब सरकले होते. तो सांगत होता की पवन सापडला, जीपनं आलापल्लीला निघाला, पोचतच असेल.

ज्योत्स्नानं टॉवेल घेतला आणि दारात जाऊन उभी राहिली.

जीप थांबली आणि निघून गेली. अंगणात पवन. तोच चेहरा, तीच चाल, कपडे ओलेचिंब.

"काऊन अशी पाहून राह्यली?" तो म्हणाला.

आवाज बारीक होता, सेटवरच्या प्रफुलसारखा. चिरका.

भाऊंनी तार उपटली. प्रफुल गप्प झाला.

"ज्योत्स्ना," सेटमधून घोगरा, भरलेला आवाज आला, "दारात कोन आहे वं?"

तिच्या हातातला टॉवेल खाली पडला.

दारातल्या माणसानं चपला काढल्या, आत आला आणि सवयीच्या हातानं सेट बंद केला.