उतारावरची कोरी जागा

हेलिकॉप्टरमधून सेन्सर टाकायचे म्हणजे मूठमूठ धान्य उधळल्यासारखंच. कुठला कुठे पडेल ते वाऱ्याच्या मर्जीवर. प्रत्येक सेन्सर आपल्याभोवतीच्या वर्तुळापुरती ऊब टिपतो. पुरेसे टाकले की वर्तुळं एकमेकांवर चढतात आणि सगळं जंगल झाकलं जातं. ते खरंच झाकलं गेलं का, हे नकाशावर तपासणं धाकटीचं काम. घरी तिला सगळे धाकटीच म्हणत. आणि क्वार्टरमध्ये तिच्यासोबत राहणारा तिचा वनरक्षक दादा तर तिच्या साहेबांसमोरही.

उतारावर एक जागा कोरी राहिली. त्यात नवल नव्हतं. अशा उधळणीत भोकं राहतातच. तिथे पुन्हा सेन्सर टाकले. ते कडेला पडले. तिसऱ्यांदाही कडेलाच, नेटका घेर धरून. वणव्याचे दिवस तोंडावर आले होते आणि त्या जागेच्या खालीच वस्ती होती.

"तुझं विज्ञान उंदरांनी कुरतडलंय," दादा म्हणाला. "आण एक इकडे. हाताने ठेवून येतो."

"तिथे वारा विचित्र फिरत असेल."

"फिरू दे. मला थोडाच उडवून नेणार आहे?"

सकाळी तो निघाला. नकाशावर एकेक ठिपका लाल होऊन विझत वर सरकला. मध्ये ओढ्यापाशी बराच वेळ थांबला, दादाचा दुखरा गुडघा. कडेचा ठिपका लाल झाला, विझला. दुपारी कोरी जागा भरली आणि धाकटीचा जीव भांड्यात पडला.

दादा परतला तेव्हा अजून उजेड होता. त्याच्या बुटांना माती नव्हती.

"काय होतं तिथे?"

"काही नाही. गार आहे."

"कुठून उतरलास?"

"आलो की."

तिने नकाशा मागे नेऊन पाहिला. दादाला परत येताना एकाही सेन्सरने टिपलं नव्हतं. उतारावर नाही, फाटकापाशीही नाही. मघाशी गेलेला एक ससा मात्र सगळ्यांनी टिपला होता.

"जेवायला वाढू?"

"भूक नाही."

दादाच्या तोंडून हे तिने जन्मात ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात कडेचा ठिपका लाल झाला. मग त्याखालचा. ओढ्यापाशी तो थांबला. माणसाने गुडघा चोळत बसावं, तितका वेळ. मग पुन्हा खाली निघाला.

स्क्रीनची पाठ दादाकडे होती.

"दार लावून घे," दादा म्हणाला.

फाटकाचा ठिपका लाल झाला.

पायरीवर बूट आपटल्याचा, माती झटकल्याचा आवाज आला.

"धाकटे, उघड गं. पाय पार गेलेत माझे."

ती उठली. त्याची खुर्ची सरकल्याचा आवाज तिने ऐकला नव्हता, पण आतला दादा दाराशी जाऊन उभा होता. कडी लागलेली होती.