चार सेकंदांची आई

रविवारी दुपारची जेवणं आटोपली की चष्मेवाली त्याच टेबलावर लॅपटॉप मांडायची आणि एकच चित्र तीन चौकटींत लावून बघत बसायची. चष्मेवाली म्हणजे चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारी. चाहत्यांच्या ग्रुपवरही तिने हेच नाव घेतलं होतं. ग्रुप एका जुन्या, केव्हाच बंद पडलेल्या मालिकेचा. तिच्यातले तुकडे कापायचे, गाण्यावर बसवायचे आणि व्हिडिओ करून साइटवर चढवायचे, असलं हे खूळ. त्यात ना पैसा ना मान, पण एकदा लागलं की सुटत नाही.

आता, कुठलीही साइट तुमचा व्हिडिओ जसाच्या तसा ठेवत नाही. जागा वाचवायला ती तो दाबून लहान करते आणि दाबताना जे तिला फालतू वाटेल ते फेकून देते. एका साइटवर सावल्यांचे चौकोन होतात. दुसरीवर सगळ्यांचे गाल मेणाचे दिसतात. तिसरीवर चित्र बरं, पण आवाज पुढे पळतो आणि ओठ मागून हलतात. म्हणून ही बाई एकच व्हिडिओ सगळीकडे चढवायची, एकाच जागी थांबवायची आणि दुकानात गिऱ्हाइकाला विचारते तसं स्वतःलाच विचारायची, "पहिलं की दुसरं?"

"डोळे तपासतेस की फोडून घेतेस?" आई ओट्यापाशी भांडी पुसता पुसता म्हणायची. "तीन धुरकट चित्रं! त्यातलं कमी धुरकट कोणतं, यात अख्खा रविवार गेला."

बोलायची खरी, पण आईचाही जीव त्यातच अडकलेला. कारण त्या मालिकेत आई होती. लग्नाआधी, फक्त चार सेकंद. टेलिफोन ऑपरेटर मुलगी वळते, कॅमेऱ्याकडे बघून हसते, झालं काम. मूळ टेप केव्हाच गेल्या. कुणीतरी घरी टीव्हीवरून उतरवलेली प्रत तेवढी उरली होती आणि तिच्यात आईच्या चेहऱ्याच्या जागी नुसता फिकट डाग. इमारतीतल्या बायकांना आईने एकदा हौसेने दाखवलं, तर एक जण म्हणाली, "यात तुम्ही कुठे?" आई हसली, पण तो विषय तिने पुन्हा काढला नाही. चष्मेवालीला ते फार लागलं होतं.

आता ग्रुपने एक सभागृह घेतलं होतं. पुढच्या महिन्यात सगळ्यांचे व्हिडिओ साइटवरूनच मोठ्या पडद्यावर दाखवणार आणि आईला पहिल्या रांगेत बसवणार. तो चेहरा त्यातल्या त्यात कुठे बरा दिसतो, एवढंच चष्मेवालीला शोधायचं होतं. आईचं तोंड एकदा तरी चारचौघांना दिसलं पाहिजे, बस.

चौथी साइट सुचवली बिटकाकांनी. काका ग्रुपमधलं जुनं खोड. बोलायला लागले की मेगाबिट-किलोबिटशिवाय वाक्य नाही, म्हणून हे नाव.

"जुनाट साइट आहे, ताई. तिकडे कुणी फिरकत नाही. पण अंधार छान सांभाळते," काका फोनवर म्हणाले. "आणि आपला नियम विसरू नका. काही पुसायचं झालं तर आधी आपल्या लॅपटॉपवर उतरवून घ्यायचं, मग पुसायचं. पुसलेलं साइट परत देत नाही."

"काका, हे तुम्ही मला झोपेतसुद्धा ऐकवाल," ती म्हणाली, तर ओट्यापाशी आईने काकांची नक्कल केली, "आधी उतरवून घ्यायचं!"

तिने व्हिडिओ चढवला. साइट तो दाबेपर्यंत चहा झाला. मग तिने नेहमीच्या तीन चौकटींच्या जोडीला चौथी लावली आणि ती ऑपरेटर मुलगी वळते तिथे चारही थांबवल्या. तिन्हींत डाग तो डागच.

चौथीत डागाला डोळे होते.

"आई! अगं ये ना, लवकर ये!"

आई ओल्या हातांनीच आली. पडद्याला नाक लागेल इतकी वाकली. मग अगदी हळू म्हणाली, "मीच की गं." आणि लगेच सावरून लॅपटॉपच्या शेजारी आपलं तोंड नेऊन उभी राहिली. "सांग, पहिली की दुसरी?" दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

हसू ओसरल्यावर आई पुन्हा वाकली. "पण हा वण कसा दिसतोय?"

वण हनुवटीवरचा. लहानपणी पायरीवर आपटून खोक पडली होती.

"मेकअपवाल्याने रंगाने लिंपून टाकला होता तो. मला मुद्दाम आरशात दाखवलं होतं त्याने. म्हणाला, बघा, गेला की नाही?"

"दिव्यांच्या उष्णतेने रंग उतरला असेल," चष्मेवाली म्हणाली. असेल बुवा, म्हणून आई भांड्यांकडे गेली.

चष्मेवालीच्या मनातून मात्र ते जाईना. तिने काकांना गाठलं. "काका, मूळ प्रतीत डागच आहे. मग साइटवर चेहरा आला कुठून?"

"हल्ली यंत्रं अंदाजाने चेहरे भरतात, ताई. नसलेलं असल्यासारखं दाखवतात."

"अंदाजाने वण भरतील?"

"नाही," काका म्हणाले. "तेवढं बारीक कुठून तरी घ्यावं लागेल." मग स्वतःच हसले. "घेतलं असेल कुठून तरी! तुम्हाला चेहरा मिळाला ना? मग कशाला खोलात शिरता?"

तिलाही तेच हवं होतं. माणूस हावरट असतो, दुसरं काय. तिने तो तुकडा थोडा उजळ करून पुन्हा चढवला. चेहरा आणखी स्पष्ट आला. मग रंग जरा सुधारून पुन्हा चढवला. आता पापण्या मोजता आल्या असत्या.

त्याच सुमारास आईचा चष्मा घसरायला लागला.

"सैल केलास का गं हा?" आईने दोनदा विचारलं. चष्मेवालीने काड्या गरम करून वाकवल्या, नाकावरच्या गाद्या बदलल्या. चष्मा पुन्हा घसरला. मग आईच्या फोनने रुसवा धरला. चेहरा समोर धरला की उघडणारा फोन उघडेचना. "मेला मला ओळखत नाही," आई म्हणाली आणि आकडे दाबून तो उघडायला शिकली. जिन्यात शेजारीण मात्र आईला थांबवून म्हणाली, "काय तजेला आलाय हो तुमच्या चेहऱ्यावर! काय लावता?" आई घरभर ते सांगत फिरली. चष्मेवालीने मान वर करून आईकडे पाहिलंही, पण माणूस घरच्या माणसाकडे नीट कुठे बघतो?

नीट बघितलं ते दुकानात. घसरणाऱ्या चष्म्याला कंटाळून आई एके सकाळी तिथेच येऊन धडकली. चष्मेवालीने तिला तपासणीच्या खुर्चीत बसवलं, चष्मा काढून ठेवला आणि दिवा जवळ ओढला.

वर्षानुवर्षं चष्मा लावणाऱ्याच्या नाकावर दोन बाजूंना दोन खळगे पडतात. लालसर, बोटाला लागणारे. चष्मा काढून आठवडा झाला तरी ते जात नाहीत. चष्मेवालीने आजवर इतकी नाकं हाताळली होती की डोळे मिटूनही तिला ते सापडले असते.

आईच्या नाकावर ते नव्हते.

तिने बोट फिरवलं. नाक गुळगुळीत होतं. ते बोट तसंच खाली हनुवटीवर नेलं.

"काय करतेस गं? गुदगुल्या होतात," आई म्हणाली.

हनुवटीही गुळगुळीत होती.

तब्येत बरी नाही असं मालकांना सांगून चष्मेवाली आईला घेऊन घरी आली. चप्पलही न काढता तिने लॅपटॉप उघडला आणि चौथी साइट लावली. ती ऑपरेटर मुलगी वळली, हसली. तिने चित्र थांबवलं आणि मोठं केलं.

मुलीच्या नाकावर दोन खळगे होते. लालसर, खोल.

"आई, तुला चष्मा कधी लागला?"

"तू पोटात होतीस तेव्हा. किती वेळा सांगितलंय. तोवर माझे डोळे कसे होते म्हणून सांगू!"

म्हणजे मालिकेच्या कितीतरी नंतर. हनुवटीवरचा वण, नाकावरचे खळगे, आणि आता तिने नीट पाहिलं तर डोळ्यांच्या कडांच्या सुरकुत्यासुद्धा, सगळं त्या कोवळ्या पोरीच्या तोंडावर जाऊन बसलं होतं. तिने मान वळवून आईकडे पाहिलं. आईच्या डोळ्यांपाशी एकही रेघ नव्हती. गाल मेणाचे दिसत होते.

"मी हा व्हिडिओ काढून टाकतेय."

"का?" आई उठूनच आली. "पहिल्यांदा नीट दिसतेय मी. सगळ्यांना सांगून झालंय. आता पुन्हा डाग दाखवायचा का लोकांना?"

"आई, तुझ्या हनुवटीवरचा वण गेलाय."

"मग जाऊ दे की! वण गेला म्हणून कुणी रडतं का?"

"तुझा आहे तो!" ती जवळजवळ ओरडलीच. "मला तू हवीस, आई. ती नको."

आई जरा दचकली. मग तिने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, ताप आलेल्या मुलाच्या डोक्यावर ठेवतात तसा. "बरं बाई. काढ. तुझा जीव थाऱ्यावर राहू दे. मी खिडक्या उघडते, इथे फार कोंदट झालंय."

जे इथून तिकडे गेलं ते तिकडचं पुसलं की इथे परत येईल, एवढंच चष्मेवालीला सुचत होतं. साइटने विचारलं, नक्की पुसायचं? तिने हो म्हटलं. पुन्हा विचारलं, कायमचं?

तिने हो म्हटलं.

चौथी चौकट काळी झाली. मागून खिडकीची कडी निघाल्याचा आवाज आला आणि खोलीत लख्ख ऊन आलं.

"आई, इकडे बघ."

आई खिडकीपाशी उभी होती. ती वळली.

चष्मेवालीने स्वतःचा चष्मा काढला. खिशातल्या फडक्याने तो पुसला, उजेडात धरून पुन्हा पुसला आणि डोळ्यांवर लावला. खिडकीच्या गजांवरचे गंजाचे पोपडे दिसले. आईच्या बाहीवर सुटलेला दोरा दिसला. तिच्या कानामागचे पांढरे केस एकेक वेगळे दिसले, हातात धरलेल्या चष्म्याच्या काचेवरचे बोटांचे ठसेसुद्धा दिसले. सगळं अगदी स्वच्छ दिसत होतं.

केसांच्या मधोमध, चेहऱ्याच्या जागी, फिकट डाग होता. सावली पडली होती तिथे त्याचे चौकोन झाले होते.

"पुसलंस?" आईने विचारलं. आवाज तिचाच, नेहमीचा, मायेचा. "आधी उतरवून घेतलंस ना गं?"

वाक्य संपलं. मग डागाच्या खालच्या बाजूला ओठ हलू लागले.