आईने धरलेला नंबर

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. कुणाला घाबरवायला मी बसलेली नाही. हे माझ्या आईसोबत झालंय, आणि त्यातलं बरंचसं मी स्वतः डोळ्यांनी पाहिलंय.

गेल्या वर्षीचा मे महिना. बुद्धपौर्णिमेच्या आधीचा रविवार. जागा, अलिबागहून थळकडे येताना रस्त्याला लागणारं ते मोठं स्वस्ताईचं मार्ट. नाव घेत नाही. आमच्याकडे सगळे नुसतं मार्टच म्हणतात.

रात्र नव्हती. उन्हं नुकती कलली होती.

मी रचना. पालीला शाळेत शिकवते. सुट्टीत माहेरी थळला आले होते. घरात आई, प्रितमदादा आणि त्याची बायको प्रांजलीवहिनी.

आता वहिनीची मार्टातली पद्धत सांगायला हवी. कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. गावातली माणसं असतात, शिवाय मुंबईहून बंगल्यांवर आलेले पाहुणे चिप्स आणि थंड्याच्या बाटल्यांनी ट्रॉल्या भरून उभे. बिलाची लाइन पार तांदळाच्या गोण्यांपर्यंत जाते. मग वहिनी काय करायची? आत शिरल्याबरोबर एका ट्रॉलीत मिठाचा पुडा टाकायची आणि आईला ट्रॉलीसकट लाइनीत उभं करायची. नंबर धरायला. मिठाचा पुडा अशासाठी, की ट्रॉली रिकामी दिसली तर मागचे कुरकुर करतात. मग ती आणि दादा, दोघं निवांत फिरणार. एकावर एक फ्री बघणार, साबणांचे वास घेणार.

नंबर जवळ आला आणि यांचा पत्ता नसला, की आई मागच्याला म्हणायची, "तुमी व्हा पुढं." आणि परत उभी.

सत्तरी ओलांडलेली बाई. गुडघे गेलेले. संध्याकाळी पाय सुजून टम्म व्हायचे.

"वहिनी, तिला घरी राहू दे की," मी म्हटलं.

"रचनाताई, घरी एकट्या उकाड्यात काय करतील? इथे एसी आहे."

सून असावी तर अशी. सासूला फुकटात एसी!

मी दादाकडे पाहिलं. तो पिशवीची घडी घालत बसला. बायकोपुढे तो कायमच भिजलेलं मांजर.

खिरीसाठी तांदूळ घ्यायचा होता. मी डाळींच्या बाजूने तिकडे वळले. तिथून आई दिसत होती. शेवटच्या काउंटरच्या लाइनीत, पिवळ्या साडीत, ट्रॉलीच्या दांड्यावर भार टाकून.

ती कुणाशीतरी बोलत होती...

पण तिच्या पुढे कुणीच नव्हतं.

फक्त एक ट्रॉली होती. आणि त्या ट्रॉलीत... एकच मिठाचा पुडा.

आई हसली. मान हलवली. हात लांब करून तिने ती पुढची ट्रॉली धरली.

आणि सगळ्या काउंटरची बीप बीप थांबली. रविवारचं मार्ट, आणि एक आवाज नाही... माणसांचे ओठ हलत होते. मला काहीच ऐकू येत नव्हतं.

मग एकच बीप.

आई एक पाऊल पुढे सरकली.

लगेच सगळा गलका परत सुरू झाला. जसं काही झालंच नव्हतं. मी धावत गेले.

"आई, कुणाशी बोलत होतीस?"

"अगं, म्हातारी न्हाय का ती. म्हनाली, बाय, माजा नंबर धर, पाय भरून आलेत, जरा बसून येते. मी म्हटलं, व्हय, धरते. जा तू."

"कुठे गेली ती?"

आईने मागे पाहिलं. "हितंच व्हती की..."

सामान घेऊन ही दोघं आली. बिल झालं. दारात बिलाला भोक पाडायला आमच्या ओळखीचा वॉचमन असतो, चांगदेव. आईकडे पाहून त्याचा हात थांबला.

"मावशी, कुनाचा नंबर धरला काय?"

"आटपा हो, आइस्क्रीम वितळतंय," वहिनी खेकसली.

रिक्षात आई बसेना. टपाला डोकं लावून, वाकून, उभीच राहिली. आम्हाला वाटलं, पाठ धरली असेल.

घरी आली ती पुढच्या दाराशी उभी राहिली. तोंड आतल्या भिंतीकडे. दोन्ही हात पुढे, मुठी आवळलेल्या. दांडा धरल्यासारख्या.

"आई, बस ना गं."

"नंबर जाईल."

त्या दिवशी ती बसली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. उभ्यानेच दोन घास खायची. ओढून खुर्चीत बसवलं, तर स्प्रिंग लावल्यासारखी ताडकन उठायची.

आणि भर दुपारी, घर शांत असताना... बीप.

मी फोन पाहिला. फ्रिज पाहिला. शेजारी जाऊन आले. कुठूनच आवाज येत नव्हता. पण तो आला की आई एक पाऊल पुढे सरकायची. तिच्यातलं आणि भिंतीतलं अंतर कमी होत चाललं होतं.

डॉक्टरांनी झोपेचं इंजेक्शन दिलं. दादाने तिला उचलून कॉटवर ठेवलं. थोड्या वेळाने मी आत गेले. डोळे मिटलेले होते. घोरत होती. पण पायांकडच्या भिंतीला तळवे घट्ट टेकवलेले... गुडघे ताठ. आडवी पडूनही माझी आई उभीच होती.

पायांची कातडी ताणून चकाकायला लागली. मग त्यातून पाणी झरायला लागलं. मी पुसत राहायचे. दुसरं काय करणार होते?

एके दिवशी ती माझ्याकडे वळली. गोड आवाजात म्हणाली, "रचना, माजा नंबर धरशील? जरा बसून येते."

मी हो म्हणायला तोंड उघडलं...

आणि तिने आपली मूठ माझ्या तोंडावर दाबली. ओठ फुटला माझा.

"व्हय म्हनू नको!" ती धापा टाकत होती. "मी इचारीन. रडीन. तुज्या पाया पडीन. तरी व्हय म्हनू नको. कुनाला म्हनू देऊ नको. ह्यो नंबर माज्यापाशीच राहू दे."

ओठ पुसत मी तिला वचन दिलं, मी हो म्हणणार नाही. आणि लगेच परत तोच गोड आवाज. "धर ना गं बाळा. पाय लय दुखतात."

त्या दिवसापासून दाराला कडी. दूधवाला बाहेर, शेजारीण बाहेर. वहिनी तर त्या खोलीकडे फिरकलीच नाही. बाहेरूनच विचारायची, "जेवल्या का?"

आई आतून रडायची. दिवसभर. मी कानांत बोळे घालून भाकऱ्या थापायचे.

न राहवून मी चांगदेवला गाठलं. त्याने आधी आजूबाजूला पाहिलं. मग हळूच म्हणाला, "त्या लायनीत एक म्हातारी गेली व्हती, ताई. उभ्या उभ्या. दांड्यावर मान टाकून. पोरगा न् सून आत सामान घेत व्हती. आली, बघितलं... पन नंबर लागलाच व्हता ना. आदी बिल केलं. मंग तिला उचलली."

"यावर काही उपाय?"

"कोनीतरी व्हय म्हनायचं. मंग ती सुटते आनि म्हननारा अडकतो. दुसरं काय न्हाय."

घरी आले तेव्हा आईचं कपाळ भिंतीला टेकलं होतं.

मी तिच्या शेजारी उभी राहिले. ती काही मागत नव्हती. नुसती माझ्याकडे बघत होती. सांगते खरं, त्या क्षणी मी हो म्हणाले असते. तिने मान हलवली. नाही.

बीप.

"पुढचे या..." कुणीतरी म्हणालं. बाईचा आवाज, कंटाळलेला. घरात आम्ही दोघीच होतो.

आई उभ्या उभ्या गेली. भंतेजी आले, वंदना झाली, सगळं रीतीने झालं. मुठी मात्र शेवटपर्यंत उघडल्या नाहीत.

मी मनाला समजावलं, सुटली बिचारी.

वहिनीला काही झालं नाही. धडधाकट आहे. अजूनही मार्टात जाते. फक्त आता लाइनीत दादाला उभं करते.

दिवाळीला मी माहेरी आले. मार्टात पाय ठेवणार नव्हते. पण पावलं वळलीच. रविवार होता, उन्हं कलली होती. लाइन गोण्यांपर्यंत.

शेवटच्या काउंटरपाशी एक ट्रॉली... तिच्यात मिठाचा पुडा.

आणि दांड्यावर भार टाकून माझी आई.

तीच पिवळी साडी. पोटऱ्या सुजून चकाकत होत्या. खाली फरशी ओली. माणसं त्या ओल्यावरून ट्रॉल्या नेत होती. कुणाला काही दिसत नव्हतं.

ती मागे उभ्या असलेल्या पोरीकडे वळली. काहीतरी विचारलं. पोरीच्या कानांत इयरफोन. तिला ऐकूच गेलं नाही.

मग आईने मला पाहिलं.

मला नाही विचारलं तिने. घाईघाईने तोंड फिरवलं, पदर ओढून घेतला. मेल्यावरही लेकीला वाचवायला बघत होती ती.

मी तिथून पळाले.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई आपल्याला सावध करतेय. कुणी म्हातारी नंबर धरायला सांगेल, तर नाही म्हणा, एवढंच ना?

बरोबर आहे. शहाण्या माणसाने नाहीच म्हणावं.

पण मार्ट कुठे आहे, ते मी सांगितलंय. वार सांगितलाय, वेळ सांगितलीय, काउंटर सांगितलाय. तुम्ही घाईत असाल, डोकं मोबाइलमध्ये असेल. पुढून कुणीतरी गोड आवाजात विचारेल...

तिचे पाय फार दुखतात हो. वर्ष व्हायला आलं, बसली नाहीये ती.

मी तिला वचन दिलंय, म्हणून मला हो म्हणता येत नाही.

तुम्ही कुठे दिलंय?